विज्ञान संग्रहालयांतील हस्तधारित साधने

विज्ञान संग्रहालयांतील हस्तधारित साधने : संग्रहालयात हिंडताना प्रेक्षकाने हातात, गळ्यात किंवा खिशात बाळगावयाची आणि त्याच्यापुढील मांडणीशी माहितीच्या देवाणघेवाणीने जोडलेली साधने. ध्वनिग्राहक, ध्वनिफीतयंत्र, तळहातावर मावणारा संगणक, रेडिओ तरंगांनी ओळखले जाणारे कार्ड व स्मार्टफोन ही त्यांची क्रमाने प्रचारात आलेली रूपे होत. चित्रसंग्रहालये व पुराणवस्तुसंग्रहालये यांत ही साधने लवकर रुळली. ज्या संग्रहालयात प्रेक्षकाने स्वतः यंत्र फिरवून, दाबून, ओढून प्रयोग करावयाचा असतो तेथे मात्र त्यांचा इतिहास बराच वेगळा आहे. चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, प्रयोग करणाऱ्याचे नसतात. या साध्या गोष्टीचे परिणाम ध्यानात येण्यास तज्ञांना काही वर्षे लागली.

पूर्वपीठिका : प्रेक्षकाला प्रयोगात भाग घेऊ देण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. बर्लिन येथे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘युरेनिया’ या संस्थेच्या दालनांत कळ दाबून भौतिकीतील प्रयोग चालू करण्याची सोय होती. ओस्कार फोन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या म्यूनिकच्या डॉइचेस म्यूझियममध्ये चालती यंत्रे व प्रात्यक्षिके यांना मोठे स्थान मिळाले. लंडनच्या सायन्स म्यूझियममध्ये १९३१ साली मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले, तर पॅरिस येथे १९३७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ‘पाले द ला देकुव्हेर्त’ हे विज्ञानाला वाहिलेले भवन उभे राहिले. तथापि या सर्व ठिकाणी कळ दाबली की ठरलेला प्रयोग ठरल्याप्रमाणे घडे. प्रेक्षकाने चूक करावी, वेगळे काही करून पाहावे, याला फारसा वाव नव्हता.

तो वाव देणारे संग्रहालय फ्रँक ओपेनहायमर (१९१२–८५) यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे उघडले. अणुशास्त्रज्ञ जे. रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे बंधू. ते स्वतः भौतिकीविज्ञ होते व अणुबाँबच्या प्रकल्पात त्यांनी काम केले होते. कम्युनिस्ट पक्षाच्या पूर्वीच्या सदस्यत्वामुळे १९४९ मध्ये त्यांना मिनेसोटा विद्यापीठातील अध्यापकपद सोडावे लागले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी कोलोरॅडोमध्ये गुरांच्या पालनावर काढली आणि पुढे तेथीलच एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले. शाळेतील या अनुभवातून आणि १९६५ च्या सुमारास यूरोपात पाहिलेल्या संग्रहालयांवरून त्यांची कल्पना आकारास आली. १९१५ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्‌स’ या वास्तूत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू झाले व २०१३ मध्ये ते शहराच्या बंदरातील पंधराव्या धक्क्यावर हलविण्यात आले. येथील मांडण्या संग्रहालयाच्याच कार्यशाळेत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तयार होत. फलकांवरील मजकूर मोजका असे. अडलेल्यास मदत करण्यासाठी माध्यमिक शाळांतील मुलेमुली पगारावर नेमलेली असत. तज्ञ मार्गदर्शकाऐवजी हे तरुण मदतनीस ठेवण्यामागे हेतू होता. उत्तर सांगून मोकळे होण्यापेक्षा ते प्रेक्षकाबरोबर खटपट करीत राहतील, अशी अपेक्षा होती. हस्तधारित साधनांचा प्रश्न याच संग्रहालयात सर्वांत स्पष्टपणे उभा राहावा, हे साहजिकच म्हटले पाहिजे. कारण सांगणे हाच त्या साधनांचा मूळ धर्म होता.

ध्वनिमार्गदर्शक : संग्रहालयातील हस्तधारित मार्गदर्शकाचा पहिला नमुना म्हणून ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली वापरलेल्या योजनेचा सामान्यतः उल्लेख केला जातो. ध्वनिमुद्रित निवेदन लघुतरंगांवर दालनातल्या दालनात प्रक्षेपित केले जाई आणि प्रेक्षक हातातील ग्राहकाला जोडलेल्या कर्णध्वनीतून ते ऐकत असे. निवेदन अनेक भाषांत उपलब्ध होते. मात्र प्रक्षेपण एकच असल्यामुळे एका भाषेच्या सर्व श्रोत्यांना एका क्षणी एकच वाक्य ऐकू येई. साहजिकच संपूर्ण गट एकाच वेळी एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळे. अदृश्य दोरीने बांधल्यासारखी चाललेली ही माणसे त्या काळच्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतात. पुढे खांद्याला अडकविण्याची ध्वनिफीतयंत्रे आली व प्रत्येकास आपापल्या सोयीने थांबता येऊ लागले, तरी फितीवरील क्रम पाळावाच लागे. चित्राचा क्रमांक दाबून हवा तोच मजकूर ऐकण्याची सोय अंकीय ध्वनिसाठवण आल्यानंतर, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, सार्वत्रिक झाली.

विज्ञान केंद्रांनी या साधनांकडे बराच काळ दुर्लक्ष केले आणि ते अकारण नव्हते. प्रयोगाची मांडणी पाहण्यास ठरावीक क्रम नसतो, दालनात गोंगाट असतो, प्रेक्षक बहुधा कुटुंबासह किंवा शाळेच्या सहलीबरोबर आलेला असतो. कानाला यंत्र लावून बसलेल्या बापाला शेजारची मुलगी काय विचारते आहे, हे ऐकू येणार नाही.

इलेक्ट्रॉनीय मार्गदर्शिकेचा प्रयोग : तळहातावर मावणारे संगणक व बिनतारी जालक स्वस्त होऊ लागल्यावर हा प्रश्न पुन्हा हाती घेण्यात आला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक्सप्लोरेटोरियमने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळा व ‘काँकॉर्ड कन्सॉर्टियम’ ही शैक्षणिक संशोधनसंस्था यांच्या सहकार्याने ‘इलेक्ट्रॉनिक गाइडबुक’ हा प्रकल्प सुरू केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे त्यास साहाय्य होते. कल्पना आकर्षक होती. प्रत्येक मांडणीजवळ अवरक्त किरणांचा छोटा प्रेषक, पट्ट्यांची सांकेतिक चिठ्ठी किंवा रेडिओ-ओळखचकती बसवावयाची, प्रेक्षकाने हातातील संगणक तिच्यासमोर धरला की त्या मांडणीविषयीचे जालपृष्ठ पडद्यावर उघडावयाचे. पृष्ठावर शास्त्रीय स्पष्टीकरण, चित्रफीत, आणखी करून पाहण्याजोग्या गोष्टी व घरच्या घरी करावयाचे प्रयोग असत. १९९३ मध्येच स्वतःचे जालस्थळ उभारून एक्सप्लोरेटोरियम अशा पहिल्या काही संग्रहालयांत गणले गेले होते, त्यामुळे मजकुराचा साठा तयारच होता.

प्रत्यक्ष चाचण्यांत जे दिसले ते योजकांना विचार करावयास लावणारे होते. साधनाने काही बाबतींत अपेक्षित काम केले. पडद्यावरील सूचना वाचून काही प्रेक्षकांनी मांडणीवर असे प्रयोग केले, की जे त्यांना एरवी सुचले नसते. त्याचबरोबर अडचणी पुढे आल्या. फिरत्या तबकडीवरील वाळूत बोटांनी नक्षी काढावयाची असेल, तर संगणक कोठे ठेवावयाचा ? तो काखेत धरावा लागे, शेजारच्या बाकावर ठेवावा लागे किंवा सोबत्याच्या हाती द्यावा लागे. यंत्र महागडे असल्यामुळे ते पडेल, त्यात वाळू किंवा पाणी जाईल ही धास्ती सतत असे. ज्याच्या मनात अशी धास्ती आहे तो माणूस मोकळेपणाने खेळत नाही. पडद्यावरील मजकूर वाचताना मान खाली जाई व समोरची मांडणी दृष्टीआड होई. काही प्रेक्षकांनी आपण बरोबरच्या मंडळींपासून तुटल्यासारखे वाटले असेही सांगितले. शेरी सी यांनी या चाचण्यांचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात साधनाचा लाभ व हा एकटेपणा या दोहोंची नोंद आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या अडचणींपैकी काही तात्पुरत्या होत्या. यंत्राचे वजन, विजेरीचे आयुष्य आणि जालकाचा मंद वेग हे दोष काळाबरोबर दूर होणार, हे योजकांना ठाऊक होते व तसे ते झालेही. उरलेली अडचण यंत्राची नव्हती. एखादी घटना का घडते याचा प्रेक्षक स्वतः शोध घेत असताना तिचे स्पष्टीकरण त्याच्या हातातच ठेवलेले असणे, हे त्या संग्रहालयाच्या मूळ कल्पनेशी विसंगत होते. गणिताच्या पुस्तकातील शेवटच्या पानांवर उत्तरे असतात, पण उदाहरणाशेजारी ती छापीत नाहीत. शिक्षकाचा हा जुना शहाणपणा तंत्रज्ञांना नव्याने शोधावा लागला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. मात्र त्यांनी आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष लपविले नाहीत, सविस्तर प्रसिद्ध केले, हे त्यांच्या श्रेयास जमा केले पाहिजे. चमकदार यंत्रांच्या इतिहासात असा प्रांजळपणा विरळा आढळतो.

माहितीकडून स्मरणाकडे : चाचण्यांनंतर प्रकल्पाची दिशा बदलली. मांडणीपुढे उभे असताना माहिती देण्याऐवजी ‘येथे मी काय केले’ याची आठवण जपणे, हे साधनाचे काम ठरविण्यात आले. या बदलाचे वर्णन करणारा लेख २००२ साली प्रसिद्ध झाला, त्याचे शीर्षकच माहितीकडून स्मरणाकडे झालेल्या या प्रवासाचे सूचक होते. प्रेक्षकाने मांडणीपुढे केवळ खूण करावयाची, जवळचा कॅमेरा त्याचे छायाचित्र घेई आणि भेटीची नोंद एका व्यक्तिगत जालपृष्ठावर जमा होई. स्पष्टीकरण वाचावयाचे ते घरी, सवडीने.

या विचाराचे पुढचे रूप म्हणजे ‘एक्सस्पॉट’ ही योजना. सीॲटल येथील इंटेल कंपनीची संशोधनशाळा व वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या सहकार्याने ती सिद्ध झाली व तिचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. यात प्रेक्षकाजवळ संगणक मुळीच नसे, असे ते केवळ एक कार्ड किंवा गळ्यातील पदक. त्यात रेडिओ-ओळखचकती बसविलेली असे. अशा चकतीत विजेरी नसते. तारेचे वेटोळे व एक सूक्ष्म मंडल एवढीच तिची सामग्री. मांडणीवरील वाचक-यंत्र आपल्या भोवती प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. चकती त्या क्षेत्रात आली, की प्रवर्तनाने वेटोळ्यात क्षीण विद्युत् प्रवाह वाहू लागतो, तेवढ्या शक्तीवर सूक्ष्म मंडल जागे होते आणि आपला ओळखक्रमांक कळविते. हे अंतर थोडेच असते. त्यामुळे प्रेक्षकाने कार्ड मुद्दाम वाचकाजवळ नेल्याखेरीज नोंद होत नाही, व हा दोष नसून गुण ठरला, कारण नोंद करावयाची की नाही हे प्रेक्षकाच्या इच्छेवर राहिले. फॅराडे यांच्या ज्या प्रवर्तन-नियमाचे प्रयोग सर्व विज्ञान केंद्रांत दाखविले जातात, त्यावरच हे कार्ड चालत असे. त्याचाही एखादा प्रयोग शेजारी मांडला असता, तर शोभला असता.

सॅन होसे येथील ‘टेक म्यूझियम’ने प्रवेशपत्रावरील सांकेतिक पट्ट्यांनी व पुढे मनगटावरील रेडिओ-ओळखपट्ट्यांनी अशीच व्यक्तिगत पृष्ठांची सोय केली. तथापि घरी जाऊन आपले पृष्ठ उघडून पाहणाऱ्यांचे प्रमाण अशा योजनांच्या पुरस्कर्त्यांना वाटले होते त्यापेक्षा बहुधा कमीच भरत गेले. सहलीचा उत्साह घराच्या दारापर्यंत टिकतो, त्यापुढे क्वचितच. प्रेक्षक कोठे किती वेळ थांबला याची तपशीलवार नोंद संस्थेकडे राहणे कितपत उचित, हा प्रश्नही याच सुमारास विचारला जाऊ लागला.

सोबतीचा प्रश्न : प्रेक्षक एकटा येत नाही, ही जाणीव या काळातील संशोधनाची महत्त्वाची फलश्रुती होय. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील ख्रिश्चन हीथ व डर्क फॉम लेन यांनी संग्रहालयांतील प्रेक्षकांच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास केला. सोबत्याची नजर, बोटाने दाखविणे, अर्धवट उद्गार यांतूनच वस्तू पाहिली जाते आणि हातातील साधन नेमकी हीच देवाणघेवाण खंडित करते, हे त्यांनी दाखवून दिले. झेरॉक्स कंपनीच्या पालो ॲल्टो येथील संशोधकांनी यावर एक मार्मिक तोड काढली. कॅलिफोर्नियातील फिलोली या ऐतिहासिक वास्तूसाठी त्यांनी तयार केलेल्या साधनात एका प्रेक्षकाने निवडलेले निवेदन त्याच्या सोबत्यासही ऐकू येई. चोरून ऐकण्याची ही मुभा मिळताच प्रेक्षक एकमेकांशी पुन्हा बोलू लागले.

बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या एरिक क्लॉपफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग (वृत्तांत २००५) याहून पुढचा होता. संग्रहालयातील एक मौल्यवान वस्तू चोरीस गेली आहे, असे कथानक रचून पालक व मुले यांच्या जोड्यांकडे तिचा तपास सोपविण्यात आला. कोणी गुप्तहेर, कोणी जीववैज्ञानिक, कोणी तंत्रज्ञ अशा भूमिका वाटून दिल्या होत्या व प्रत्येक भूमिकेला निराळे पुरावे मिळत. त्यामुळे हातातील संगणकावर जे दिसे ते दुसऱ्यास सांगितल्यावाचून तपास पुढे सरकतच नसे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळील हेलेरुप येथे १९९१ पासून चालू असलेल्या ‘एक्सपेरिमेंटारियम’ या केंद्राने ‘इगो-ट्रॅप’ नावाच्या अशाच कथारूप खेळासाठी प्रेक्षकांचेच मोबाइल दूरध्वनी वापरले. शाळकरी मुलांना त्यांच्या आवडीच्या यंत्राद्वारेच निवडक मांडण्यांकडे नेण्याचा त्यात प्रयत्न होता. हे दोन्ही प्रयोग मार्गदर्शिकेच्या कल्पनेपासून दूर गेलेले आहेत. ते माहिती पुरवीत नाहीत, काम नेमून देतात. प्रस्तुत विषयातील यशस्वी म्हणावेत असे बहुतेक प्रयोग याच जातीचे आहेत, असे दिसते.

स्मार्टफोनचा काळ : २००७ मध्ये आयफोन बाजारात आल्यानंतर साधने भाड्याने देण्याची पद्धत हळूहळू मागे पडू लागली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१० मध्ये ‘एक्सप्लोरर’ हा अनुप्रयोग प्रसृत केला. बिनतारी जालकाच्या संकेतांवरून प्रेक्षक इमारतीत कोठे आहे हे ठरवून तो त्यास वाट दाखवीत असे. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी निघालेला क्यूआर कोड मांडण्यांच्या फलकांवर चढला. स्वतःचेच यंत्र असल्याने पडण्याची धास्ती कमी झाली. मात्र त्याच यंत्रावर घरचे निरोप आणि इतर शेकडो आकर्षणे असल्यामुळे लक्ष विचलित होण्याचा प्रश्न नव्या रूपात परत आला.

यंत्रांचे अल्पायुष्य ही या क्षेत्रातील कायमची डोकेदुखी ठरली आहे. इलेक्ट्रॉनिक गाइडबुकच्या चाचण्यांत वापरलेली ‘जॉर्नाडा’ या नावाची संगणकमालिका ह्यूलेट-पॅकार्ड व कॉम्पॅक या कंपन्यांच्या २००२ मधील विलीनीकरणानंतर बंद पडली. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने २०१२ मध्ये निवेदनासाठी निंतेंदो कंपनीची खेळयंत्रे घेतली, त्यांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. लाकूड, लोखंड व आरसे यांच्या साध्या मांडण्या दुरुस्त होत होत कितीतरी अधिक वर्षे टिकतात. संग्रहालयाचा चालक पैसा कशावर खर्च करावा हे ठरविताना ही तुलना सहसा विसरत नाही.

भारतात या साधनांचा प्रसार मर्यादित राहिला. कलकत्ता येथे १९५९ मध्ये व बंगलोर येथे १९६५ मध्ये उघडलेली औद्योगिक व तांत्रिक संग्रहालये, १९७८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आणि मुंबईत वरळी येथे १९८५ मध्ये खुले झालेले नेहरू विज्ञान केंद्र, यांनी हाताने करून पाहण्याची परंपरा देशात रुजविली. परंतु येथील प्रेक्षकवर्गात शाळांच्या सहलींचा वाटा फार मोठा आहे. वरळीच्या केंद्रात दोन-अडीचशे मुलांचा लोंढा शिरताना ज्याने पाहिले असेल, त्यास प्रत्येकाच्या हाती महागडे यंत्र देण्याची कल्पना अव्यवहार्य का वाटते, हे समजावून सांगण्याची गरज नाही. अनेक शाळा विद्यार्थ्यांना मोबाइल दूरध्वनी जवळ बाळगूही देत नाहीत. तरीही एका बाबतीत या साधनांचा उपयोग येथे पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे. एका फलकावर दोन-तीनपेक्षा अधिक भाषा मावत नाहीत, हातातील यंत्राला अशी मर्यादा नसते. अंधांसाठी बोललेले वर्णन व कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतील चित्रफीत यांचीही सोय त्याद्वारे होऊ शकते. स्पष्टीकरण आधी की नंतर, हा वाद या प्रेक्षकांच्या बाबतीत गौण ठरतो.

मोजमापाचे उपकरण : अलीकडच्या काळात हस्तधारित यंत्राला आणखी एक भूमिका मिळाली आहे. स्मार्टफोनमध्ये प्रवेगमापक, चुंबकमापक, प्रकाशमापक व ध्वनिग्राहक हे सारे असतेच. ते वाचून आलेख काढणारा ‘सायन्स जर्नल’ हा अनुप्रयोग गूगल कंपनीने २०१६ मध्ये प्रसृत केला, तेव्हा त्यासोबतच्या प्रयोगांच्या आखणीत एक्सप्लोरेटोरियमचा सहभाग होता. २०२० च्या अखेरीस तो आर्डुइनो या संस्थेकडे सोपविण्यात आला. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्या विद्यापीठाचा ‘फायफॉक्स’ हा अनुप्रयोगही २०१६ मधलाच. झोपाळ्यावर बसून खिशातील यंत्राने त्याच्या दोलनाचा आलेख काढणे किंवा उद्वाहनात त्याचा प्रवेग मोजणे, हे प्रयोग त्यामुळे कोणासही करता येतात. यंत्र येथे काही सांगत नाही, ते आकडे दाखविते आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम पाहणाऱ्याकडेच राहते.

कोव्हिड-१९ च्या साथीत हाताळण्याच्या मांडण्यांवर आधारलेली संग्रहालये विशेष अडचणीत सापडली. स्पर्श हेच त्यांचे माध्यम होते. एक्सप्लोरेटोरियम मार्च २०२० मध्ये बंद झाले व जुलै २०२१ मध्ये पुन्हा उघडले. मधल्या काळात अनेक केंद्रांनी मांडण्यांची कळ प्रेक्षकाच्या स्वतःच्या दूरध्वनीवर आणता येईल काय, याचा विचार केला. दार उघडताच मुले मात्र पूर्वीप्रमाणेच थेट मांडण्यांकडे धावली.